वरच्या कानाला घाई चालत नाही

कान टोचून दीड महिना झाला. दुखायचं थांबलं, लाली गेली. आता ती साधी दांडी काढून छान बाळी घालावी का? वरचा कान टोचून घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो आणि उत्तर दर वेळी 'नाही' असंच असतं. पाळी टोचली असती तर दीड-दोन महिन्यांत काम आटोपलं असतं. वरच्या ताठ भागाला सहा महिने ते वर्ष लागतं, काहींना त्याहूनही जास्त. तिथे दुखणं आधी थांबतं आणि जखम फार नंतर भरते. मधल्या काळात कान अगदी बरा दिसतो आणि नेमक्या त्याच काळात लोक त्याची वाट लावतात.

असं का, ते बोटांनीच तपासता येतं. कानाची पाळी चिमटीत धरा. मऊ लागते, कशीही दुमडते. तिच्यात चरबी आहे आणि भरपूर रक्तवाहिन्या आहेत. आता चिमूट कडेकडेने वर सरकवा. एका ठिकाणी कान ताठ लागायला लागतो, वाकवून सोडला की परत उभा राहतो. ही कूर्चा. तिच्यात स्वतःची रक्तवाहिनी एकही नाही. तिच्या दोन्ही बाजूंना एक पातळ आवरण घट्ट चिकटलेलं असतं, रक्तवाहिन्या असतात त्या आवरणात. तिथून जे झिरपून आत येईल त्यावर कूर्चा जगते.

जखम भरायला लागणारी सगळी रसद रक्तातून येते: प्राणवायू, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तुम्ही गिळलेली अँटिबायोटिकची गोळीसुद्धा. जिथे रक्त थेट पोचत नाही, तिथे हे सगळं उशिरा आणि तुटपुंजं पोचतं. पुढचं जे काही सांगणार आहे, ते या एका गोष्टीतून निघतं.

दांडीभोवती नेमकं काय चालतं, तेही समजून घ्यायला हवं. टोचल्यावर शरीर ते भोक बुजवायच्या मागे लागतं, पण मध्ये दांडी असल्यामुळे बुजवता येत नाही. मग कानाच्या पुढून आणि मागून, दोन्ही तोंडांकडून त्वचा आत वाढत जाते आणि दांडीभोवती कातडीची नळी तयार व्हायला लागते. दोन्ही टोकं आधी भरतात, मधला भाग सगळ्यात शेवटी. आरशात आपल्याला फक्त टोकं दिसतात. त्यात ही नवी नळी कित्येक महिने अतिशय नाजूक असते. दीड महिन्यात दांडी उपसली की ती आत फाटते, आणि वर भोक इतक्या झपाट्याने आवळतं की अर्ध्या तासाने नवी बाळी आत जाईलच याचा भरवसा नाही. मग आरशासमोर ढकलाढकली, रक्त आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आपल्याकडे वरचा कान टोचणं काही नवं नाही. बायकांची बुगडी कानाच्या वरच्या कडेलाच असते आणि पुरुषांची भिकबाळीही उजव्या कानाच्या वरच्या भागात. आजच्या पार्लरच्या भाषेत दोन्ही 'हेलिक्स'. सोनार सोन्याच्या तारेचं टोक घासून अणकुचीदार करायचा, तीच तार आरपार घालून वळवायचा आणि मोकळा व्हायचा. या पद्धतीत एक गोष्ट फार शहाणपणाची होती: ती तार महिनोन्‌महिने कानात राहायची. दर आठवड्याला नवा दागिना घालून बघायची सोय नव्हती आणि हौसही नव्हती.

पण टोचल्यानंतर घरात जे सुरू व्हायचं, म्हणजे खोबरेल तेलात हळद कालवून लावणं, सकाळ-संध्याकाळ तार गोल फिरवणं, सुजलं तर तार काढून कडुलिंबाची काडी घालणं, ते बहुतेक सगळं पाळीवर निभावून गेलं म्हणून टिकलं. पाळीला रक्त भरपूर, ती बरंच काही सोसते. आजीचा सल्ला पाळीपुरता चालून गेला आणि तोच कूर्चेला लावला की फसतो. फिरवण्याचंच घ्या. 'फिरवलं नाही तर चिकटून बसेल' असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. दांडी कातडीला चिकटत नाही. चिकटतो तो तिच्यावर वाळलेला स्राव. फिरवताना तो खरखरीत थर आतल्या कोवळ्या नळीवरून घासत जातो आणि बाहेरची घाण आत ओढली जाते. फिरवू नका, मागेपुढे सरकवू नका.

टोचायचं कुठे आणि कशाने, हा खरं तर आधीचा प्रश्न. सोनाराने कान टोचले की दुखत नाही, असं आपण म्हणतो. वरच्या कानाच्या बाबतीत सोनार असो वा पिअर्सर (टोचण्याचाच व्यवसाय करणारा), पहिल्या भेटीत मी त्याचे हात, सुई आणि स्वच्छता बघेन. सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढलेली, एकदाच वापरायची असावी. दागिना ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, निघालेला असावा. हातमोजे नवे हवेत, आणि मोजे घालून फोन उचलला तर ते बदलायला हवेत. घाम फुटेपर्यंत प्रश्न विचारा, चांगल्या माणसाला राग येत नाही.

कान टोचायची गन नको, असं जगभरचे पिअर्सर सांगतात. अमेरिकेत १९९४ साली स्थापन झालेली 'असोसिएशन ऑफ प्रोफेशनल पिअर्सर्स' ही संघटना गनच्या विरोधातच आहे. कारण सहसा असं सांगितलं जातं की गन बोथट दांडी जोर लावून घुसवते आणि कूर्चेचा चुरा करते. पण नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मृतदेहांच्या कानांवर गन आणि सुई दोन्ही वापरून कूर्चेचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि २००८ साली लिहिलं की इजा साधारण सारखीच होते. तरीही गन नकोच, असं माझंही मत आहे. कारणं फक्त वेगळी. जुन्या पद्धतीच्या गनचा प्लास्टिकचा सांगाडा ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही. तिची दांडी ठरावीक लांबीची आणि आखूड असते, सूज आली की कान त्यात आवळला जातो. मागच्या फुलपाखरी फिरकीच्या घड्यांत स्राव, केस, साबण असं सगळं साठत जातं. कान फार सुजला तर ती फिरकी कातडीत रुतून बसते आणि डॉक्टरांना चीर देऊन काढावी लागते.

नुसत्या स्वच्छतेच्या देखाव्यावर का जाऊ नये, याचं एक उदाहरण वैद्यकीय साहित्यात नोंदलेलं आहे. २००० साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात दागिन्यांच्या एका छोट्या दुकानात कान टोचून घेतलेल्या मुलामुलींना एकापाठोपाठ एक जंतुसंसर्ग होऊ लागला. तपासात ७ जणांना तो झाल्याचं पक्कं झालं आणि आणखी १८ जणांबाबत तसा संशय होता. जंतू सापडला तो जंतुनाशकाच्या फवाऱ्याच्या बाटलीत. म्हणजे टोचण्याआधी जे 'निर्जंतुक' करायला फवारलं जात होतं, त्यातूनच तो कानात जात होता. पाळी टोचलेल्यांपेक्षा वरचा कान टोचलेल्यांना त्रास होण्याचं प्रमाण जास्त होतं.

दागिन्याकडे वळू. सुरुवातीला सगळ्यात बरी ती सरळ दांडी, मागे चपटी चकती असलेली, 'फ्लॅट बॅक' म्हणतात ती. बाळी किंवा रिंग नंतर. ती सतत हलते आणि केसात अडकते. धातू इम्प्लांटच्या दर्जाचं, म्हणजे शरीरात कायम बसवायला चालणारं, टायटॅनियम असेल तर उत्तम. 'सर्जिकल स्टील' हे नाव भारदस्त आहे, पण त्यात निकेल असतं आणि निकेलची ॲलर्जी अनेकांना असते. कान खाजतो, पाणी सुटतं, आणि माणूस जंतुसंसर्ग समजून औषधं लावत बसतो. सोनं चालतं, मात्र २२ कॅरेट मऊ असल्याने त्यावर ओरखडे लवकर पडतात आणि आपल्याकडच्या फिरकीच्या दागिन्यांत मळसूत्राचे आटे थेट जखमेतून जातात. ते ताज्या भोकासाठी वाईट. १४ किंवा १८ कॅरेटचं, निकेल नसलेलं, गुळगुळीत दांडीचं सोनं मिळालं तर हरकत नाही. सोन्याचा मुलामा दिलेलं काहीही नको.

पहिली दांडी मुद्दाम लांब घालतात, सुजेला जागा हवी म्हणून. सूज उतरली की तीच लांबी त्रासाची होते: दांडी लवलवते, उशीत दबते, तिरकी होते आणि भोकही तिरकं भरतं. म्हणून साधारण महिना-दोन महिन्यांनी टोचणाऱ्याकडे जाऊन त्याच धातूची आखूड दांडी घालून घ्यायची. वर्षभर दागिना बदलू नये या नियमाला हा एक अपवाद, आणि तोही स्वतः घरी करायचा नाही. बहुतेकांना हे कुणी सांगतच नाही. दांडीच्या मुळाशी उठलेली, सहा महिने न बसणारी गाठ आखूड दांडी घातल्यावर बसल्याची उदाहरणं कुठलाही अनुभवी पिअर्सर देईल.

आता रोजची निगा. लोकांना वाटतं त्यापेक्षा ती फारच कमी आहे. लागतं ते सलाईन, म्हणजे ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी. मेडिकलमध्ये 'नॉर्मल सलाईन' किंवा नुसतं 'एनएस' म्हटलं की मिळतं. मोठी बाटली एकदा उघडली की तिच्यात जंतू वाढू शकतात, त्यामुळे छोट्या कुप्या घेतलेल्या बऱ्या. नेब्युलायझरसाठी (वाफारा देणाऱ्या यंत्रासाठी) मिळणाऱ्या कुप्याही चालतात, फक्त लेबल वाचा: ०.९ टक्केच हवं, त्यात ३ टक्क्यांचंही मिळतं आणि ते झोंबतं. घरी पेल्यात चमचाभर मीठ टाकून केलेलं पाणी याच ३ टक्क्यांच्या घरात जातं, शिवाय ते निर्जंतुक नसतं. बाहेरचं सलाईन मिळत असताना तो उद्योग करू नका.

सकाळी उठल्यावर दांडीच्या मुळाशी पिवळट-पांढरी, कुरकुरीत खपली दिसेल. हा पू नाही. जखमेतून पाझरलेला पातळ स्राव वाळून ती तयार होते आणि पहिले काही महिने रोज येते. नखाने उकरायचा मोह प्रचंड होतो. हात साबणाने धुवा, गॉजचा तुकडा सलाईनमध्ये भिजवून पुढून आणि मागून खपलीवर टेकवा आणि दोनेक मिनिटं तसाच धरा. खपली मऊ होऊन गॉजला चिकटून येते. जी येत नाही ती उद्या येईल, राहू दे. मग कोरड्या गॉजच्या टोकाने ओल टिपून घ्या. पावसाळ्यात हे टिपणं धुण्याइतकंच महत्त्वाचं, कारण दमट हवेत दांडीमागे ओल तासन्‌तास राहते. कापूस किंवा इअरबड वापरू नका, तंतू दांडीला गुंडाळतात. दिवसातून एकदा-दोनदा एवढं केलं की झालं. चार-पाच वेळा करणाऱ्यांचे कान मी कोरडे पडून सोलवटलेलेच पाहिले आहेत.

डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काही लावायचं नाही. जंतू मरतात हे खरं, पण नळी विणणाऱ्या नव्या पेशीही मरतात. बीटाडीन रोज लावण्याचंही तेच. मलमांनी भोकाचं तोंड लिंपलं जातं आणि आतला स्राव बाहेर यायला वाट उरत नाही. हळदीच्या गुणांबद्दल वाद घालायचं कारण नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते, एवढंच पुरे.

औषधांपेक्षा जास्त छळतात त्या सवयी. पहिली झोप. टोचलेल्या बाजूला झोपलं की रात्रभर दांडीवर वजन येतं, सूज उतरत नाही आणि भोकाचा कोन हळूहळू बदलतो. उताणं किंवा दुसऱ्या कुशीवर झोपा. जमत नसेल तर प्रवासात मानेला लावतात ती गोल उशी घेऊन मधल्या पोकळीत कान ठेवा. दोन्ही कान एकाच दिवशी टोचून घेणाऱ्यांनी झोपायचं कसं, हे मला सुचत नाही. एक बाजू बरी झाल्यावर दुसरी टोचा.

दुसरी सवय डोक्याला तेल लावायची. तेल केसांच्या मुळांवरून ओघळत कानामागे जातंच. लावायचंच असेल तर थोडं, त्या बाजूला हात आखडता घेऊन, आणि नंतर कानामागून पाणी सोडून धुवा. शाम्पूचा फेसही तिथे साठतो. टॉवेलचे सुटे धागे, कंगवा, ओढणी, टी-शर्टचा गळा हे सगळे दांडीत अडकण्यात पटाईत. आणि हेल्मेट! पुणेकरांच्या हाती हेल्मेटविरोधाचं आणखी एक कारण द्यायची माझी इच्छा नाही, त्यामुळे ते घालायचंच. फक्त घालताना दोन्ही बाजू हातांनी नीट फाकवून, कानावरून न खरवडता खाली आणा आणि काढतानाही तसंच. खालून गच्च बांधलेला स्कार्फ मात्र काही महिने सैल करा.

पोहणं बंद. तलाव, नदी, समुद्र, रिसॉर्टचा टँक, सगळंच. त्याचं कारण शेवटी येतं आहे.

त्याआधी गाठीबद्दल, कारण घाबरून इंटरनेटवर शोधणाऱ्यांत सगळ्यात जास्त लोक हेच असतात. दांडीच्या मुळाशी लालसर, मऊ, कधी ओलसर फोडासारखी गाठ उठते आणि लगेच 'केलॉइड (वाढत जाणारा जाड व्रण) झालं' असं जाहीर होतं. बहुतेक वेळा ती नुसती चिडलेल्या जखमेची गाठ असते. तिला कारण असतं: त्या कुशीवर झोपणं, लांब दांडी, निकेल, अडकून बसलेला हिसका. कारण काढलं की ती काही आठवड्यांत ओसरते. टी ट्री ऑइल, ॲस्पिरिनची पेस्ट, लिंबाचा रस हे प्रयोग तिला आणखी चिडवतात.

खरं केलॉइड वेगळं वागतं. ते सहसा काही महिन्यांनी उगवतं, टणक असतं, खाजतं आणि मूळ जखमेची हद्द ओलांडून पसरत जातं. आपोआप ते जात नाही. सावळ्या-काळ्या वर्णाच्या लोकांत ते जास्त दिसतं आणि घराण्यात चालत येतं. म्हणून टोचायच्या आधीच अंगावरचे जुने व्रण बघावेत: दंडावरची बीसीजी लसीची खूण फुगून गाठीसारखी झाली आहे का, आईच्या किंवा मावशीच्या ऑपरेशनचा व्रण जाड दोरीसारखा वाढला आहे का. तसं असेल तर वरचा कान टोचू नये, असं मी स्पष्ट म्हणेन. झालंच तर त्वचारोगतज्ज्ञ गाठीत स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. नुसती कापून टाकली तर ती बऱ्याचदा परत येते, कधी आधीपेक्षा मोठी. मधुमेह ताब्यात नसलेल्यांनी, रक्त पातळ करणारी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनीही आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

राहिला जंतुसंसर्ग. पहिले तीन-चार दिवस ठणका, गरम लागणारी लाली आणि थोडी सूज असणारच. ती दिवसागणिक कमी झाली पाहिजे. कमी होता होता पुन्हा वाढली, दांडीपुरती न राहता सबंध वरचा कान लालबुंद, गरम आणि जाड झाला, कानाच्या घड्या भरून सपाट दिसायला लागल्या, हात लावू देईनासा झाला, ताप आला, हिरवट किंवा वास येणारा पू दिसला, तर हा कूर्चेच्या आवरणाचा संसर्ग असू शकतो. एक खूण घरीही ओळखता येते: खालची पाळी तेवढी नेहमीसारखी राहते, कारण तिच्यात कूर्चाच नाही.

हा संसर्ग बहुतेकदा स्यूडोमोनास नावाचा जंतू करतो. तो ओलाव्यात, पाण्यात सुखाने राहतो. तलाव टाळायचा तो याच्यासाठी. अमॉक्सिसिलिनसारख्या नेहमीच्या गोळ्यांना तो दाद देत नाही. ओरेगनमधल्या त्या मुलांपैकी बहुतेकांना आधी त्याच्यावर न चालणारी औषधंच मिळाली होती, त्यात दिवस गेले, काहींवर शस्त्रक्रिया झाल्या आणि काहींच्या कानांचा आकार कायमचा बिघडला. आकार का बिघडतो? पू कूर्चा आणि तिचं आवरण यांच्यामध्ये साठतो. आवरण उचललं गेलं की कूर्चेचं खाणंपिणं बंद. ती मरते आणि कान आक्रसून गोळा होतो. तालमीतल्या जुन्या पैलवानांचे कान असेच झालेले असतात. त्यांच्यात पुवाच्या जागी मार लागून रक्त साठलेलं असतं, बाकी गोष्ट तीच.

म्हणून अशी लक्षणं दिसली तर घरात उरलेली गोळ्यांची पट्टी शोधू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. दांडी स्वतःहून उपसू नका: भोक बाहेरून मिटलं तर पू आत अडकतो, आणि काढायचीच असेल तर कधी काढायची ते डॉक्टर बघून ठरवतील. कान कधी आणि कशाने टोचला, त्यावर काय काय लावलं, कुठली गोळी किती दिवस घेतली, हे न लाजता सांगा. पू असेल तर तो कल्चरला पाठवणार का, हेही विचारा. त्या तपासणीतून नेमका जंतू आणि त्यावर चालणारं औषध कळतं. निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर डॉक्टर अंदाजाने स्यूडोमोनासवरचं औषध सुरू करतात. ते दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही.